मला येणारं एकमेव लॅटिन क्रियापद

माझ्या गाढवपणांची मोजदाद करायला बसलो तर हा चहा काय, पुढचे चार चहा पुरायचे नाहीत. पण त्यातला सगळ्यात सरस ऐकायचा असेल तर आधी कप खाली ठेवा. मागच्या वेळी हे सांगताना या दिगांबरच्या नाकात चहा गेला होता, आणि त्याचाही दोष त्याने मलाच दिला.

आधी एक सांगा. तुम्ही शेवटची टाळी कधी वाजवली? आणि कशासाठी? आठवत नाही ना? कुणालाच आठवत नाही. शेजारच्याने वाजवली म्हणून आपण वाजवतो, आपण वाजवली म्हणून मागचा वाजवतो, आणि सगळ्यात पहिल्याने का वाजवली होती ते विचारायला गेलो तर तो डास मारत होता असं निघतं.

नागपूरच्या कॉलेजात चार वर्षं मी हा प्रकार पाहिला. पाहुणे मोटारीतून उतरले, टाळ्या. पाहुण्यांनी हार काढून टेबलावर ठेवला, टाळ्या. पाहुणे म्हणाले, 'मी तुमचा फार वेळ घेणार नाही', यावर सगळ्यात मोठ्या टाळ्या, आणि मग पाहुणे दीड तास घेत. स्वातंत्र्य मिळवलं ते एवढ्यासाठी? गोऱ्या साहेबाला सलाम करून करून सवयीचे झालेले हात रिकामे पडले, त्यांना काहीतरी उद्योग हवा, म्हणून ते आता टाळ्या वाजवतात, असं माझं ठाम मत होतं. आजही आहे. फक्त आता मी ते थोडक्यात सांगतो. का, तोच हा किस्सा.

आमच्या इंग्रजीच्या प्राध्यापकांना लॅटिन येत असे. रविवारी सकाळी ते आम्हा तिघांना घरी बोलावून थोडं थोडं शिकवत. बाकीचे दोघे दुसऱ्या रविवारी पळाले. मी पाच रविवार टिकलो आणि पाच रविवारांत एक क्रियापद शिकलो. प्लाउदेरे.

याचा मूळ अर्थ आपटणे. हातावर हात आपटला की प्लाउदेरे. कबुतर उडताना पंख फडफडवतं, तेही प्लाउदेरे. नाचणारे जमिनीवर पाय आपटतात, तेही. पण माणसांना हातांचंच कौतुक जास्त, म्हणून रूढ झाला तो अर्थ टाळ्या वाजवणे, वाहवा करणे. रोममध्ये नाटक संपलं की नट पुढे येऊन लोकांना सरळ आज्ञा देई, 'प्लाउदिते', वाजवा आता. म्हणजे टाळ्या मागून घ्यायची लाज माणसाने दोन हजार वर्षांपूर्वीच सोडलेली. पुढे तिथल्या एका बादशहाने तर पगारी टाळ्यावाले ठेवले.

पण पाचव्या रविवारी सरांनी जे सांगितलं त्याने मी पेटलो. याच क्रियापदाला पुढून 'बाहेर' अशा अर्थाचा एक उपसर्ग लावला की होतं एक्सप्लोदेरे. टाळ्या वाजवून रंगमंचावरून हाकलून देणे. नट रद्दी निघाला आणि आवरेना, की रोमन प्रेक्षक असा कडकडाट करत की त्याला पळ काढावा लागे. पुढे इंग्रजांनी हा शब्द बॉम्बगोळ्याला लावला, तो भाग वेगळा.

बघा, याला म्हणतात स्वाभिमानी जनता. मी बी.ए. झालो आणि हे एक क्रियापद घेऊन देशसेवेसाठी गावी परत आलो.

गाव आमचं वडनेरपासून तीन मैल. मधे नाला. आठ महिने बायका त्यात धुणं धुतात आणि चार महिने तो कुणाला ओळख देत नाही. वडनेरला दवाखाना, वडनेरला बाजार, आणि पावसाळ्यात आम्ही या काठावर. मी परतलो त्याच्या आदल्या श्रावणात गोदामायच्या सुनेला बाजेवर घालून दवाखान्यात नेत होते. नाला फुगलेला. शेवटी काठावरच्या कडुनिंबाखाली, डोक्यावर पोतं धरून, बाळंतपण झालं. बाळ-बाळंतीण वाचली. त्याच्या आधीच्या साली नामदेवरावांची धाकटी बहीण वाचली नव्हती.

म्हणून गावाला रपटा हवा होता. पूल नाही, कमान नाही. नाल्याच्या तळावर दगड-सिमिटाची एक सपाट वाट, जिच्यावरून गुडघाभर पाण्यातही बैलगाडी चिखलात न रुतता जाईल. एवढंच. आणि मार्गशीर्षात कळलं की विकासवाले साहेब जीपमधून गावात येताहेत.

नामदेवराव आमच्या गावचे कारभारी माणूस. त्यांनी दोन दिवसांत सगळं ठरवलं. तीन वाजता साहेब येतील. हार. मग मी प्रास्ताविक करायचं, पाच मिनिटं, कारण गावात बी.ए. मी एकटा. मग नामदेवराव अर्ज वाचतील. मग सगळ्यांनी साहेबांना चालत नाल्यावर न्यायचं आणि त्या कडुनिंबाच्या खोडावर छातीच्या उंचीला पुराच्या गाळाची रेघ आहे, ती बोटाने दाखवायची. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण मार्गशीर्षात नाल्यात पाणी असतं घोट्याएवढं. ती रेघ पाहिल्याशिवाय परक्या माणसाचा विश्वास बसायचा नाही. साडेचारला साहेब हिंगणघाटच्या मीटिंगला निघणार.

चांगला बेत होता. पण नामदेवरावांनी त्यात एक गोष्ट घातली. चार कोपऱ्यांत दोन-दोन माणसं बसवली. नामदेवरावांनी टोपी सारखी केली की त्या आठांनी टाळ्या सुरू करायच्या.

माझं डोकं फिरलं. रोमचा बादशहा परवडला, तो निदान पगार देत होता. मी आदल्या संध्याकाळी सगळ्यांना मारुतीच्या पारावर जमवलं आणि प्लाउदेरे समजावून सांगितलं. मुळापासून. कबुतरासकट. लोक शांतपणे ऐकत होते. आमचे लोक कशालाही शांतपणे ऐकतात, ही त्यांची खोड आहे आणि तिच्यामुळेच पुढारी माजलेत.

"अन् रोमन माणूस," मी म्हणालो, "खुशामतीसाठी हात हलवत नव्हता. बोलणारा फालतू निघाला तर त्याच टाळ्यांनी त्याला हाकलून लावत होता."

गोदामाय पुढे बसली होती. साठीची बाई, पण ज्वारी हुरड्यावर आली की शेतातल्या माळ्यावर सकाळपासून उभी असते आणि टाळ्या पिटून, डबा बडवून पाखरं राखते. ती म्हणाली, "टाया वाजून हाकलत होते?"

"हो, माय."

"आमी पाखरं हाकलतो तसं?"

मला भरून आलं. पाच रविवारांत त्या दोघा पळपुट्यांना कळलं नाही ते या निरक्षर बाईला एका वाक्यात कळलं होतं. मी म्हणालो, "अगदी तसंच. रोममधला शहाणा माणूस आणि आपली गोदामाय, दोघांत काही फरक नाही."

"मंग साहेबासाठी वाजवाच्या का नाई?" एकाने विचारलं.

"खुशामत म्हणून नाही."

"अन् बोलनारा आवरूनच नाई राह्यला तर?"

"तर खुशाल रोमन व्हा," मी म्हणालो. लोक हसले. मीही हसलो. मला वाटलं आम्ही सगळे साहेबावर हसतो आहोत.

नामदेवराव तेवढे हसले नाहीत. "वसंता," ते म्हणाले, "तुयं सारं खरं हाये बापू. पन उद्या पाच मिनिटं. साहेबाले निंब दाखवाचा हाये."

"दादा, पाचसुद्धा लागणार नाहीत," मी म्हणालो.

आता माझ्या बाजूने एक सांगतो. मी खरोखरच पाच मिनिटांचं भाषण तयार केलं होतं. पाठ केलं होतं. साहेब तीनच्या ऐवजी सव्वातीनला आले, हार झाला, मी उभा राहिलो, आणि मला पाच मिनिटांत बरोबर पहिला मुद्दा संपवता आला. मुद्दे सात होते.

खेड्यांची लूट, शहरांची चैन, शिक्षणाचं ढोंग, असं करत मी लोकशाहीवर आलो तेव्हा बायकांच्या बाजूने टाळ्या आल्या. पाच-सहा हात असतील. पाहिलं तर गोदामाय.

तुम्ही कधी टाळ्या घेतल्यात? चार वर्षं मी दुसऱ्यांना मिळालेल्या टाळ्यांचा तिरस्कार केला होता. पण स्वतःला मिळाल्या की कळतं, त्या आधी कानात जात नाहीत, थेट पोटात जातात. आणि या तर अस्सल होत्या. नामदेवरावांची टोपी जागची हलली नव्हती. न सांगता, न शिकवता, माझ्या गावाने माझ्या विचाराला दिलेली दाद. मी लोकशाहीचा मुद्दा पुन्हा पहिल्यापासून घेतला.

टाळ्या वाढल्या. पुरुषही सामील झाले. मी आवाज चढवला तसा त्यांनी कडकडाट चढवला. मधेच मागून कुणीतरी "हाऽऽ हा, हाऽऽ हा" असं ओरडलं. मला वाटलं, वा, शहरी 'हिअर हिअर'चं हे आपलं देशी रूप. एक माणूस घासलेटचा रिकामा डबा बडवत होता. एकाच्या हातात तर गोफण दिसली. मनाशी म्हटलं, बिचारा राखणीवरून तसाच धावत आला, एवढी माझ्या शब्दांची ओढ.

दिगांबर पहिल्या रांगेत बसला होता. तो मला डोळ्यांनी काहीतरी खुणावत होता. मी समजलो, त्याचे डोळे भरून आलेत.

आणि साहेब? सभ्य माणूस. गाव टाळ्या वाजवतंय म्हटल्यावर तेही वाजवू लागले. मग काय विचारता. खुद्द सरकार मला टाळ्या देत होतं. मी सातवा मुद्दा संपवला आणि आयत्या वेळी सुचलेला आठवा सुरू केला. तो टाळ्यांच्या खुशामतीविरुद्ध होता.

शेवटी मी थांबलो तो माझा घसा बसला म्हणून. चार वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

साहेब उठले. घड्याळ पाहिलं. "भाई, कमाल है," ते म्हणाले. "मैंने बहुत गाँव देखे. घंटे भर के भाषण पर ऐसी तालियाँ कहीं नहीं देखीं. ऐसा जागरूक गाँव..." आणि बोलता बोलता जीपमध्ये बसले. नामदेवराव अर्ज हातात घेऊन जीपमागे धावले. धोतर सावरत, टोपी एका हाताने धरत. साहेबांनी कागद घेतला, "ज़रूर देखेंगे" म्हणाले, आणि जीप नाल्यात उतरून घोटाभर पाण्यातून अशी सहज पलीकडे गेली की मलासुद्धा क्षणभर वाटलं, याला रपटा कशाला हवा? निंबाकडे साहेबांनी मान वळवून पाहिलंही नाही.

मी पाराच्या ओट्यावरून खाली उतरलो. खरं सांगतो, मी हाराची वाट पाहत होतो. साहेबांनी काढून ठेवलेला तिथेच पडला होता.

कुणी जवळ आलं नाही. लोक उठून खाली पाहत घरी जाऊ लागले. नामदेवराव नाल्याकडून परत आले आणि माझ्याजवळून सरळ घरी गेले. गोदामाय तेवढी बसून होती. दोन्ही तळहात पदरात चोळत.

"माय, काय झालं?" मी विचारलं.

"काऊन रे वसंता," ती म्हणाली, "तुले कानानं आयकू येते ना?"

"येतं की."

"मंग बसला काऊन नाई?"

मला काही कळेना. "अगं, तुम्ही टाळ्या वाजवत होता म्हणून तर..."

"तुले हाकलाले वाजवत होतो ना बाबा. सायबासमोर 'बस खाली' कसं म्हनू तुले? तुयी इज्जत गेली असती. तूनंच तं काल सांगतलं, रोमवाले असं करतेत म्हनून. मनलं, पोरगं शिकेल हाये, इशारा समजन." तिने तळहात माझ्यापुढे धरले. लाल झाले होते. "पाह्य. एवढ्या टायात चार एकरातले राघू उडाले असते. तू नाई उडाला."

दिगांबर तोवर आला होता. मी म्हणालो, "दिगांबर, तुझे डोळे भरून आले होते ना?"

"मी तुले निंब दाखवून राह्यलो होतो, लेका," तो म्हणाला. "डोळ्यानं. घंटाभर. अजून मान दुखते."

त्या रात्री मी जेवलो नाही. घरच्यांनी आग्रहही केला नाही.

तुम्हाला वाटेल, गाढवपणा इथे संपला. छे. सरकार अजून यायचं होतं.

माघात कागद आला. पारावर सगळ्यांसमोर मीच तो वाचला, कारण बी.ए. मी एकटा. त्यात लिहिलं होतं की साहेबांच्या भेटीत ग्रामस्थांची व्याख्यानश्रवणाची असामान्य आवड दिसून आली. सबब गावाला एक पक्का सभामंच मंजूर करण्यात येत आहे. तीस फूट लांब, दहा फूट रुंद. सिमिट सरकार देईल, दगड आणि अंगमेहनत गावाची. रपट्याविषयीचा अर्ज यथावकाश विचारात घेतला जाईल.

पारावरच्या सगळ्यांनी माझ्याकडे अशी पाठ केली की मला मारुतीसुद्धा तोंड फिरवतोय असं वाटलं. ज्या गावाला नाला ओलांडायचा होता त्या गावाला मी भाषणासाठी ओटा मिळवून दिला होता. तोही माझ्याच टाळ्यांच्या जोरावर.

"फेटाळून लावू," मी म्हणालो. "हा जनतेचा अपमान आहे. मी स्वतः नागपूरला जाऊन..."

"तू कुठंई जाऊ नको," नामदेवराव म्हणाले. दोन महिन्यांत ते माझ्याशी पहिल्यांदा बोलत होते.

गोदामायने विचारलं, "वसंता, थो मंच कुठं बांधाचा, हे कागदात लिवलं हाये काय?"

मी कागद पुन्हा वाचला. उलटा करून पाहिला. "नाही. गावाने जागा ठरवायची, एवढंच आहे."

"नाल्याची रुंदी किती हाये?"

तिघं-चौघं उठले आणि दोर घेऊन नाल्याकडे गेले. परत आले तेव्हा हसत होते. सत्तावीस फूट.

मी तत्त्वाचा माणूस. मी म्हणालो, "पण ही सरकारची फसवणूक झाली. नाल्याच्या तळाशी कोण सभा घेतो?"

"तू घेशील," दिगांबर म्हणाला. "तुले जागा कुठं लागते?"

फाल्गुन, चैत्र, वैशाख, गावाने दगड वाहिले. मीही वाहिले, इतरांपेक्षा दुप्पट. वैशाखात एकदा सगळे दम खायला बसले असताना मला श्रमाच्या प्रतिष्ठेबद्दल दोन वाक्यं सुचली. मी उभा राहून घसा साफ केला. पलीकडच्या काठावरून एक टाळी आली. एकच. मी घमेलं उचललं.

ज्येष्ठात काम संपलं तेव्हा तपासायला ओव्हरसियर आला. तरुण माणूस होता, घामाघूम झालेला. नाल्यात उतरला. मंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला, म्हणजे या काठावरून त्या काठावर पोचला. परत आला. निंबाच्या खोडावरची रेघ पाहिली. तिच्याशी आपली छाती लावून पाहिली. मग नामदेवरावांकडे पाहिलं. नामदेवराव आभाळाकडे पाहत होते.

"मंच जरा खोलात झालाय," तो म्हणाला.

"मोठ्या मानसाईले पायऱ्या चढाचा तरास नको," गोदामाय म्हणाली.

त्याने टेप धरली, मोजलं, वहीत लिहिलं. तीस बाय दहा, सपाट, पक्का. मग वही उघडीच ठेवली. "पण मला लिहावं लागेल की मंचाचा वापर सुरू झाला. निदान एक भाषण तरी माझ्यासमोर व्हायला पाहिजे. कुणी आहे का बोलणारं?"

सगळं गाव माझ्याकडे वळलं. सहा महिन्यांनी. काठावर जोडलेली बैलगाडी उभी होती. गोदामायची सून तिच्यात बसली होती, मांडीवर ते निंबाखाली जन्मलेलं पोर, पहिल्यांदा पाय न भिजवता वडनेरला जायला निघालेली.

"बोल ना बापू," गोदामाय मायेने म्हणाली. "दोन शब्द. कागदासाठी."

मला गहिवरून आलं. मी नाल्याच्या मधोमध जाऊन उभा राहिलो, वाकून पाहणाऱ्या त्या दोन्ही काठांवरच्या माणसांकडे पाहिलं, छातीभर श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

गोदामायचे दोन्ही हात आधीच वर आले होते.